शिराळ

फडमुन्शी पान उजेडासमोर धरतो,
मधल्या शिरेवरून अंगठा फिरवतो
आणि बाजूला टाकतो:
‘शिराळ.’

हा शब्द मला इथंच भेटला,
येरमाडीच्या उपकेंद्रामागच्या तेंदूफडावर,
मे महिन्यात, पुडे मोजायच्या वेळी.
सत्तर पानांचा पुडा,
त्यात चार शिराळ निघाली की पुडा परत.
जाड शिरेचं पान वळत नाही, वळलंच तर तडकतं,
आणि बिडी त्या शिरेपाशी येऊन विझते,
असं रैवंताबाई उईके सांगते.
तिनं म्हणे कधी ओढली नाही बिडी.

मी इथं रक्त काढते.
टेबल, स्पिरिट, कापूस, रबराचा पट्टा,
जांभळ्या टोपणाच्या नळ्या, बर्फाचा डबा.
व्याकरणात मी जेमतेम पास झालेली,
तरी पट्टा आवळताना शब्द शेजारी येऊन बसतात:
रसाळ आंबा. दुधाळ म्हैस.
केसाळ कुत्रं, जे रोज पायरीवर झोपतं.
मधाळ बोलणारा ठेकेदार.
रसाळात रस असतो,
दुधाळ दूध देते.
मग शिराळ म्हणजे शिरा असलेला
की शीर देणारा?

रैवंताबाईचा हात टेबलावर येतो तेव्हा
काम सोपं वाटतं.
मनगटापासून कोपरापर्यंत सगळं वर आलेलं,
तळं उतरल्यावर
काठच्या अर्जुनाची मुळं उघडी पडावीत तसं.
तीच हसते.
‘पाहा जी, शिराळ हात हाय माहा.
मुन्शीनं फेकला असता.’

सुई लागली की शीर सरकते.
इकडून धरावी तर तिकडे.
थेंबभर येतं, थांबतं.
ज्यांनी शिकवलं त्या वाहाणे सिस्टर म्हणायच्या,
दिसते तिच्या मागे लागू नको.
डोळे मीट. बोटानं चाचप.
दाबल्यावर जी परत उसळते, ती देते.
रैवंताबाईची दिली ती कोपराच्या खळगीतली,
खोल,
जिचा वरून पत्ताच नव्हता.

मग तिची लेक. सोनवंती. सहावीत.
सिकलसेलवाली.
हिचा हात कवळा, गुळगुळीत,
फडावर पहिल्या तोडीत गेला असता.
एक शीर दिसेल तर शप्पथ.
पट्टा बांधला, मूठ वळ म्हटलं,
कोमट पाण्याची बाटली धरायला दिली.
दोनदा टोचलं.
पोरगी रडत नाही,
भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्यातले महिने वाचत बसते.

रैवंताबाई आपला हात तिच्या हाताशेजारी ठेवते,
मुन्शीपुढे दोन पानं ठेवावीत तसा.
‘माह्यातून काढा न जी, तिच्या नावानं.’
तसं चालत नाही, बाई.
‘काहून नाही चालत?
तिच्यात जे हाय ते माह्यातूनच त गेलं.’

रजिस्टरमध्ये यासाठी रकाना नाही.
शेऱ्याचा एक आहे.
मागच्या वेळी आईच्या नावापुढे मी तिथं
‘शिराळ’ लिहिलं होतं.
नव्या डॉक्टरांनी गोल करून प्रश्नचिन्ह काढलं.
ते कोल्हापूरकडचे. म्हणाले, आमच्याकडे दोडक्याला शिराळं म्हणतात.
मी म्हटलं, असेल सर,
दोडक्याच्याही वर धारा असतात
आणि आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही.
मग उगाच जास्त बोलल्यासारखं वाटलं.

तिसऱ्यांदा टोचायच्या आधी
सोनवंती स्वतःच दुसऱ्या हाताचं बोट
अंगठ्याखालच्या हाडाजवळ टेकवते.
‘इथं उडते, मॅडम. राती झोप नाही लागत
तवा मी मोजतो.’
मी तिच्या बोटाच्या जागी माझं ठेवते.
ती नाडी. तिथं मी सुई लावत नाही.
पण बोट तिथून थोडं वर सरकतं
आणि कातडीखाली काहीतरी
अगदी हलकं
परत वर येतं.

नळी भरते. हळू, पण भरते.
कापूस दाबून धर, म्हणते मी,
आणि शेऱ्याच्या रकान्यावर पेन धरून थांबते.

बाहेर कोणाचा तरी पुडा परत आला.
रैवंताबाई खिडकीतून बघते,
आपलाच तर नाही.